शिकंजीचा एक घोट

शुक्रवारी खालच्या दाढेत फिलिंग केलं. पुण्याहून आतेभाऊ आलाय, त्यामुळे काल रात्री सराफ्यात जाणं आलंच. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली, समोर खाण्याचे ठेले. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, रबडीसारखी दाट, दुधाची, बर्फगार, हे त्याला मोठ्या ऐटीत समजावलं आणि एक घोट मीही घेतला. कळ थेट कानापर्यंत! डोळ्यांत पाणी. भाऊ म्हणतो, "एवढी छान आहे?"

आज सकाळीच डॉक्टरीणबाईंना फोन. म्हणाल्या, कीड कोरताना आतली नस चिडते. फिलिंग खोल असेल तर थंड-गरम २-४ आठवडे झोंबतं, मग कमी होतं. "पण चावताना दुखतं का?" हो ना, घास दाबला की ठणका. "मग फिलिंग उंच राहिलंय, या." निळा कागद चावायला दिला, ठसा उमटला तिथे जरा घासलं. ५ मिनिटांचं काम! आणि मी इतके दिवस आईचं ऐकून लवंग धरून बसले होते.

थंड अजून झोंबतंय. पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट दिलीय, दिवसातून २ वेळा. काही न खातापिता ठणकायला लागलं किंवा गरमाने आलेली कळ थांबेना, तर लगेच या, असं बजावलंय. म्हणजे रूट कॅनाल. नको रे बाबा.

भाऊ आज पुन्हा सराफ्यात निघालाय. मी भुट्ट्याचा कीस खाणार, तोही कोमट.