मोरीचे पैसे आणि विहिरीचे पैसे

कालच्या ग्रामसभेला आमच्या गावच्या वरच्या वाड्यावरून, म्हणजे वरच्या वस्तीवरून, चौदा माणसं आली. गेल्या वर्षी सहा आली होती, त्याच्या आधी एकही नाही. रात्री जेवण झाल्यावर लगेच लिहायला बसले ते याच आनंदात.

मी ऑगस्ट 2022 मध्ये पंच, म्हणजे पंचायतीची सदस्य, म्हणून निवडून आले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आमचा गाव, वाळपईहून बसने अर्धा तास. प्रचाराला घरोघरी फिरले तेव्हा वरच्या वाड्यावर सगळ्यांचं एकच मागणं होतं, व्हाळावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा पाइपचा छोटा पूल. पाइप एका अंगाने खचलेला, वरच्या काँक्रीटला हातभर भगदाड. पावसात शाळेची पोरं सुपारीच्या कुळागरातून वळसा घालून जातात. मी शब्द देऊन बसले. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे पंचायतीला येतात, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं.

सचिवांनी कागद पुढ्यात ठेवले तेव्हा कळलं की या पैशांतले 60 टक्के बांधलेले होते, ठरलेल्या कामांनाच वापरायचे. 30 टक्के पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवणं यांसाठी, 30 टक्के स्वच्छतेसाठी. उरलेल्या 40 टक्क्यांतून, म्हणजे अबंधित हिश्श्यातून, रस्ता, मोरी अशी गावाच्या गरजेची कामं करायची. पगार किंवा ऑफिसचा खर्च त्यातून भागवायचा नाही. शिवाय काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या विकास आराखड्यात हवं. आराखडा केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो, बिलंही तिथूनच निघतात, सरपंच आणि सचिवांच्या डिजिटल सहीने. जे काम आराखड्यात नाही त्याचं बिल निघत नाही. मोरी आराखड्यात नव्हती. आराखडा ठरवायचा त्या रविवारी वरच्या वाड्यावरचं कोणीच सभेला गेलं नव्हतं.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. लोक मला विचारायचे, "पैसे आले ना, मग गेले कुठे?" पैसे गेले नव्हते. पाण्याचा हिस्सा तर तसाच खात्यात पडून होता, आणि त्याला हात लावून मोरी बांधता येत नव्हती.

पुढच्या आराखड्यात मी मोरी घातली. पण एस्टिमेट आलं ते आमच्या वर्षभराच्या अबंधित पैशांहून जास्त. देशभरातल्या ग्रामीण संस्थांसाठी 2021 ते 2026 या काळात 2,36,805 कोटी, हा आकडा ऐकला की गावाला वाटतं डोंगर आला. पण राज्याराज्यांतली वाटणी 90 टक्के लोकसंख्येवर आणि 10 टक्के क्षेत्रफळावर ठरली. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, त्यातले 62 टक्के शहरी. जे येतं ते 191 पंचायतींत आणि जिल्हा पंचायतींत वाटलं जातं. किनाऱ्यावरच्या पंचायतींना बांधकामांचं, धंद्यांचं उत्पन्न आहे. आमच्याकडे घरपट्टी. त्या वर्षी 40 टक्क्यांतले पैसे खालच्या वाड्याच्या गटाराला गेले. गटारही हवंच होतं, घरांत पाणी शिरायचं.

हे ठरलं त्याच सभेत वरच्या वाड्यावरच्या एका काकी उठल्या. म्हणाल्या, "मोरी होईल तेव्हा होईल, आमची विहीर तरी बघ गो बाय." 2022 मध्ये गोवा हर घर जल, म्हणजे घरोघरी नळ, प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं, नळ आमच्याकडेही घराघरांत आहे. पण वाडा उंचावर, मे महिन्यात नळाला पाणी चढत नाही. विहिरीचं काम पाण्याच्या हिश्श्यात बसत होतं. सभेने लगेच होकार दिला.

एप्रिल 2024 मध्ये गाळ काढला. पहिले दोन दिवस नुसता काळा चिखल आणि कुजलेला पाला. तिसऱ्या दिवशी तळातून दोन तांब्याच्या कळशा निघाल्या, एकीचा काठ चेपलेला. संध्याकाळी खालच्या कातळातून झरा वाहू लागला, बोटाएवढा, अगदी स्वच्छ. कठड्याचे चिरे खिळखिळे झाले होते, गवंडी म्हणाला सगळे नवे घालू. काकींनी जुन्या चिऱ्यांवर हात फिरवला. दोरीने पडलेल्या खाचा त्यांवर इतक्या खोल होत्या की माझी करंगळी आत बसली. त्यांच्या सासूच्या काळापासूनच्या त्या खाचा. ते तीन चिरे आम्ही परत तिथेच बसवले. पाणी तपासून घेतलं, मग वाड्याने भरायला सुरुवात केली. त्या मे महिन्यात टँकर मागवावा लागला नाही.

काल सभेला चौदा माणसं आली ती त्या विहिरीमुळे, असं मी मानते. आल्यावर त्यांनी स्वतःच बोट वर करून सांगितलं की या वर्षीचा पूर्ण अबंधित हिस्सा मोरीला द्या, आमच्या पथदिव्यांचं पुढच्या वर्षी बघू. खालच्या वाड्यावरच्यांनीही मान डोलावली. ठरावात मोरी पहिल्या क्रमांकावर आहे, मी स्वतः वाचून खात्री केली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला इंजिनियर नव्याने मोजमाप घ्यायला मोरीवर येणार आहेत. पावसात पाणी कुठपर्यंत चढतं ते वाड्यावरच्या लोकांनाच नीट ठाऊक आहे, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी तिथे या.