मंजूर झालेला पूल

आमच्या गावच्या नाल्यावरील पुलाला प्रशासकीय मान्यता मिळाली, त्या दिवशी वडिलांनी चौकात पेढे वाटले होते. पूल मात्र आजही नाही. बरीच वर्षे मी याला निव्वळ आळस समजत असे. अर्थसंकल्पाची पुस्तके वाचू लागल्यावर उमगले की मान्यता म्हणजे पैसा नव्हे. मान्यतेनंतर कामासाठी त्या वर्षाची तरतूद व्हावी लागते, विधानसभेने अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याच्या खर्चाचा प्रस्ताव, मंजूर केल्यावरही निधी प्रत्यक्ष वितरित व्हावा लागतो, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम सामान्यतः व्यपगत होते, म्हणजे ती पुढे वापरता येत नाही. नवे काम जाहीर करण्यात राजकीय लाभ असतो, अर्धवट काम पुरे करण्यात तो फारसा नसतो. म्हणून पुष्कळ कामांना नाममात्र तरतूद मिळते आणि सारीच रेंगाळतात.

विदर्भातील वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, तेव्हा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला, आणि त्या विलंबाची खरी किंमत कालव्याकडे डोळे लावून धान लावणाऱ्या आमच्या भागातील शेतकऱ्यांनी मोजली.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रात विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची सोय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये आहे. त्यानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, याचे मला मनापासून दुःख आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव, येतात, तेव्हा किती कोटी मंजूर झाले यापेक्षा मार्चमधील तरतुदीतून डिसेंबरपर्यंत किती वितरित झाले, हे आमच्या आमदारांनी विचारावे.