तुम्ही विचारलंत म्हणून : शेजारच्या खुर्चीतले माणूस

"तुमचा या क्षेत्राशी काही संबंध नाही, मग प्रत्येक चित्रपटाबद्दल इतके परखड कशाला बोलता?" हा प्रश्न मला गेली तीन वर्षे वेगवेगळ्या स्वरांत विचारला जात आहे. काही जण निव्वळ कुतूहलाने विचारतात, काही जण त्यांच्या आवडत्या चित्रपटाला मी नावे ठेवली म्हणून दुखावून विचारतात, आणि दोन-तीन माणसे अशी आहेत की ती विचारतात तेव्हा त्यांच्या मनात एकच संध्याकाळ असते, हे मला न सांगता कळते. आजवर मी "ज्याचे त्याचे मत" एवढे म्हणून विषय संपवत आले. ते उत्तर खोटे होते. माझे मत दुसऱ्यालाही पटावे असे मला मनापासून वाटते आणि पटले नाही तर त्रास होतो. म्हणून एकदा नीट लिहिते.

संबंध नाही, हे मान्यच. मी दिवसभर हिशेबाचे काम करते आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी जमेल ते पाहते. भिंगे, प्रकाशयोजना, संकलन यांतले मला उलगडून सांगता येईल असे काही कळत नाही. पण चित्रपटांत, विशेषतः माहितीपटांत, ज्यांचे चेहरे दिसतात ती बहुतेक माझ्यासारखीच माणसे असतात, आणि त्यांच्याकडे कसे पाहिले गेले आहे याविषयी बोलायला मला कोणाच्या परवानगीची गरज वाटत नाही. माझी कसोटी एकच आहे. पडद्यावरचे ते माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले असते, तर मला त्याच्याकडे वळून पाहता आले असते का? ज्या चित्रपटानंतर पाहता आले असते असे वाटते, तो मला आवडतो. ज्यानंतर मान वर करवली नसती, त्याला कितीही पारितोषिके मिळालेली असोत, मी माझे म्हणणे मागे घेत नाही.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' हा 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हे पारितोषिक मिळवणारा चित्रपट मला का आवडला, याचे कारण त्यातल्या एका कुकरमध्ये आहे. मुंबईत परिचारिका असलेल्या प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला आहे आणि त्याचा फोनही येईनासा झाला आहे. एके दिवशी परदेशातून एक लाल कुकर घरी येतो. सोबत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचे नाव नाही. रात्री एकटी असताना प्रभा जमिनीवर बसून तो कुकर कवटाळते. तिथे ती रडत नाही, काही बोलत नाही, आणि कॅमेराही तिला काही विचारत नाही. त्याच चित्रपटाच्या उत्तरार्धात समुद्रातून वाचवलेल्या परक्या माणसाशी प्रभा जणू नवऱ्याशी बोलावे तसे बोलते, तो भाग मात्र मला पटला नाही. कुकरपाशी जे न बोलता पोहोचले होते, ते तिथे शब्दांत सांगून हलके केले गेले, असे माझे मत आहे. हे म्हटल्यावर एका स्नेह्यांनी मला "तुम्हाला काव्यच कळत नाही" असे सुनावले. असेल तसे. पण प्रभाला कवटाळायला तो कुकर पुरेसा होता, असे मला आजही वाटते.

शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' (2022) विषयी मात्र माझी काहीही तक्रार नाही. दिल्लीतले दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, एवढाच त्याचा विषय. घराच्या तळघरात एकीकडे साबणाच्या डब्यांचा धंदा चालू आहे आणि दुसरीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांत पंख मोडलेल्या घारी बसल्या आहेत. बाहेर शहर पेटत असताना आणि घरातली माणसे धास्तावलेली असताना कॅमेरा त्यांच्या भीतीवर तुटून पडत नाही. तो खोक्यांपाशी थांबतो, डबक्याकडे पाहतो, आणि ती माणसे स्वतःहून बोलू लागेपर्यंत वाट पाहतो. हे दोघे भाऊ शेजारी येऊन बसले असते तर मी त्यांना पहिल्यांदा घारींविषयीच विचारले असते.

हे सगळे मी आत्मविश्वासाने सांगते आहे, पण माझ्या कसोटीला पहिला तडा 2022 च्या मार्चमध्येच गेला होता. 'रायटिंग विथ फायर' हा बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' या महिलांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेवरचा माहितीपट त्या वेळी ऑस्करच्या अंतिम नामांकनात होता, आणि तो मला अतिशय आवडला होता. त्या स्त्रिया शेजारी बसल्या तर मी त्यांच्याकडे अभिमानाने पाहीन, असे मी सर्वांना सांगत असे. आणि नेमके त्याच सुमारास त्या संस्थेने निवेदन काढून सांगितले की माहितीपट प्रभावी असला तरी आमचे सारे लक्ष एकाच पक्षाच्या वार्तांकनावर असते, असे जे चित्र त्यात उभे राहते ते अचूक नाही. शेजारच्या खुर्चीतली माणसे खरोखर बोलली होती, आणि त्यांचे म्हणणे मला पाहताना जराही जाणवले नव्हते. काय वगळले आहे हे प्रेक्षकाला दिसतच नाही. दिसते ते उरलेले. हे त्या वेळी मी नीट मनावर घ्यायला हवे होते. घेतले असते तर कदाचित पुढचे घडले नसते.

आता ती संध्याकाळ. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ती माझ्या मैत्रिणीकडून किंवा तिच्या मुलीकडून ऐकली आहे. माझ्याकडून कोणीच ऐकलेली नाही.

मैत्रिणीच्या आई शाळेत शिकवत. मीही त्यांच्या हाताखाली शिकले, त्यामुळे त्या माझ्यासाठी शेवटपर्यंत बाईच होत्या. दारावर कोणीही आले तरी केस नीट केल्याशिवाय आणि पदर सावरल्याशिवाय दार न उघडणाऱ्या बाई. अखेरच्या वर्षांत त्यांची स्मृती गेली. त्यांच्या नातीने, जी तेव्हा चित्रपटाचे शिक्षण घेत होती, आजीवर चौतीस मिनिटांचा माहितीपट केला आणि 2022 च्या अखेरीस आम्हा दहा-बारा जणांना घरी बोलावून दाखवला. बाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

माहितीपट चांगला होता, हे आधी सांगते, कारण त्या दिवशी मी ते सांगितले नाही. बाईंच्या जुन्या वह्या, फळ्यावर लिहिताना होई तशी त्यांच्या बोटांची हालचाल, पुस्तकाचे पान उलटण्यापूर्वी त्यावर हात फिरवण्याची त्यांची सवय, हे त्या मुलीने टिपले होते. मग एक प्रसंग आला. सकाळची वेळ, बाई पलंगाच्या कडेला बसलेल्या, केस मोकळे आणि विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. त्या पदराचे टोक दुमडत होत्या आणि पुन्हा उलगडत होत्या. कॅमेऱ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "तू कुणाची गं?" नातीने उत्तर दिले नाही. कॅमेरा हलला नाही. बाईंनी पुन्हा विचारले. मी मान खाली घातली आणि तो प्रसंग संपेपर्यंत माझ्या हातांकडे पाहत राहिले.

दिवे लागले तेव्हा सगळ्यांचे डोळे ओले होते आणि मुलीचे कौतुक चालू होते. तिने मला विचारले, "मावशी, तू काहीच बोलली नाहीस." मी म्हटले, "तू आजीला विचारलं होतंस का?" ती म्हणाली, "विचारून तिला काय कळणार होतं?" आणि मी म्हणाले, "ज्यांना कळत नाही, त्यांचं तर आपणच जास्त राखायला हवं. त्यांना कळत असतं, तर त्यांनी तुला त्या खोलीत कॅमेरा आणू दिला असता का?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. मुलीने दूरदर्शन संचाला जोडलेली केबल काढली, ती नीट गुंडाळली आणि आत निघून गेली. चार दिवसांनी विद्यार्थ्यांच्या एका महोत्सवासाठी तो माहितीपट पाठवायची शेवटची तारीख होती. तिने पाठवला नाही. नंतरही कुठे दाखवला नाही. त्या संध्याकाळनंतर रात्रीच मैत्रिणीचा फोन आला होता. "अगं, तू म्हणालीस ते खोटं नव्हतं," ती म्हणाली, "पण तेव्हाच, सगळ्यांसमोर बोलायलाच हवं होतं का?" तुम्ही सगळे जो प्रश्न विचारता, तो मी सर्वांत आधी ऐकला तो असा.

त्यावर मी मनाशी कितीतरी बचाव रचले. बाईंच्या बाजूने त्या खोलीत बोलणारे दुसरे कोणी नव्हते. मुलीनेच विचारले होते. गप्प राहिले असते तर तेही एक मतच झाले असते. यातला प्रत्येक बचाव मला आजही योग्य वाटतो, पण त्यातल्या कशानेही ती गुंडाळलेली केबल डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर मी जे काही पाहिले, ते त्या संध्याकाळशी वाद घालत पाहिले. 'ओपनहायमर'मध्ये (2023) हिरोशिमाच्या विध्वंसाची चित्रे दाखवली जात असताना नायक, म्हणजे अणुबॉम्ब घडवणारा शास्त्रज्ञ, मान वळवतो आणि आपल्याला केवळ त्याचा चेहरा दिसतो, जपानी माणसे दिसत नाहीत. अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला. मी मात्र तावातावाने त्याची बाजू घेतली. 'द झोन ऑफ इंटरेस्ट'मध्ये आउशवित्झच्या छळछावणीच्या भिंतीला लागून राहणारे नाझी अधिकाऱ्याचे कुटुंब दिसते आणि भिंतीपलीकडचे फक्त ऐकू येते, यातही मला माझाच विजय दिसला. न दाखवण्यातच आदर आहे, असे मी सर्वांना सांगत राहिले.

मग 2024 मध्ये मी '20 डेज इन मारियुपोल' पाहिला. रशियाचा वेढा पडलेल्या त्या युक्रेनी शहरातल्या रुग्णालयात एक लहान मूल वाचत नाही, आणि त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टरच पत्रकारांना ते चित्रित करायला सांगतो, जगाला हे दिसलेच पाहिजे म्हणतो. त्या मुलाला कोणी विचारलेले नव्हते. माझ्या नियमाप्रमाणे कॅमेरा बंद व्हायला हवा होता. आणि तो बंद झाला असता तर जे घडलेच नाही असे सांगितले जात होते, ते खरोखर न घडल्यासारखे झाले असते. त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच वर्षी निशा पाहुजा यांचा 'टू किल अ टायगर' पाहिला तेव्हा मात्र मला पुन्हा माझ्या बाजूने कोणी तरी उभे आहे असे वाटले. झारखंडमधल्या त्या अत्याचारग्रस्त मुलीचा चेहरा दाखवावा की नाही, हा निर्णय ती सज्ञान होईपर्यंत थांबवून तिच्यावरच सोपवला गेला, आणि तिने स्वतः माहितीपट पाहून होकार दिला. विचारता येते, थांबता येते, हे त्यातून दिसते. पण त्या मुलीला मोठे व्हायचे होते. वाट पाहिली की उत्तर येणार होते. बाईंचे तसे नव्हते. त्यांच्या बाबतीत दर दिवशी उत्तर अधिक दूर जात होते, हे त्यांच्या नातीला माझ्याहून चांगले ठाऊक होते.

बाई 2024 च्या अखेरीस गेल्या. काही महिन्यांनी मैत्रीण माझ्याकडे आली आणि बोलता बोलता म्हणाली की ती अलीकडे तो माहितीपट पाहते, आणि सर्वांत जास्त वेळा तोच प्रसंग पाहते. मी गप्प राहिले. मग तिने मला विचारले, "तुला त्याचा शेवट आठवतो ना?" मला आठवत नव्हता, कारण मी तो पाहिलाच नव्हता. तिने सांगितले की दुसऱ्यांदा विचारल्यावरही उत्तर आले नाही तेव्हा बाईंनी आपणहून पदर सावरला, हाताने केस मागे सारले, पलंगावर सरकून बाजूला जागा केली आणि म्हणाल्या, "कुणाची का असेनास, उभी का? बस." आणि तिथे चित्र हलले, कारण नात कॅमेरा तसाच चालू ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

ज्या प्रसंगावर मी माझे सर्वांत परखड मत दिले, तो मी अर्धाच पाहिला होता. मान खाली घालणे हा बाईंचा आदर होता असे मी इतकी वर्षे समजत होते, आणि बाई मात्र तिकडे पडद्यावर स्वतःचा पदर स्वतः सावरत होत्या. त्या वेळच्या मला आज कोणी समोर उभे केले, तर मी तिला निदान एवढे सांगेन की बोलण्याआधी पूर्ण पाहा. ती मला उलट विचारेल की शेवट गोड झाला म्हणून आधी न विचारल्याचा दोष जातो का, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. न विचारता कॅमेरा नेऊ नये, असे मी आजही म्हणेन. त्या चौतीस मिनिटांशिवाय बाईंचा आवाज आता कुठेही उरलेला नाही, हेही मला ठाऊक आहे.

तेव्हा, मी परखड बोलणे सोडलेले नाही, कारण पडद्यावरच्या माणसाच्या वतीने कोणीतरी विचारलेच पाहिजे असे मला वाटते. आता माझ्याकडून एवढेच होते की चित्रपटात कुठे मान खाली गेली असेल, तर तो भाग मी पुन्हा लावून पाहते आणि मगच बोलते. गेल्या महिन्यात मी त्या मुलीला पत्र लिहिले, तो माहितीपट मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचा आहे, दाखवशील का, असे विचारले. तिचे उत्तर अजून आलेले नाही.