मिलानमध्ये चेन शिकून आलो

माझी मोटरसायकल केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर आणि मी, दोघंही पुणे जिल्ह्यातले. ती चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून निघाली, मी सहकारनगरातून, आणि भेट झाली म्युनिकला. गेल्या दोन वर्षांत तिची चेन फार लवकर झिजत होती. तेल वेळेवर, साफसफाई वेळेवर, तरी दर वेळी तीच रड. नोव्हेंबर 2024 मध्ये मिलानच्या एइक्मा या मोटरसायकलींच्या प्रदर्शनाला जायचं ठरलं तेव्हा फोनमध्ये मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, चार फोटो काढून घेतले. तेवढीच काय ती तयारी, पण तीच कामी आली.

एइक्मा 1914 पासून भरतं. 2024 ला एकशे दहा वर्षं झाली होती, त्यामुळे थाट जरा जास्तच. मंगळवार पत्रकारांचा, बुधवार पत्रकार आणि धंद्यातल्या लोकांचा, आणि गुरुवार ते रविवार आपल्यासारख्यांचा. मी शुक्रवारी गेलो. शनिवार-रविवारी गेलेले मित्र सांगतात की गाडीपेक्षा गाडीचे फोटो काढणाऱ्यांच्या पाठीच जास्त दिसतात. शिकायला जायचं असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार गाठा. तुम्ही याच धंद्यात असाल तर बुधवारचा पास मिळतो का ते कंपनीत विचारून ठेवा.

म्युनिकहून रात्रीच्या बसने गेलो. बस लाम्पुन्यानोला सोडते आणि तिथूनच एम-वन ही लाल मेट्रो थेट प्रदर्शनाच्या दारात नेते. शहरातून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, लाल लाइनला पुढे दोन फाटे फुटतात. गाडीवर 'रो फिएरा', म्हणजे प्रदर्शनाचं स्टेशन, लिहिलेलं असेल तरच चढा, 'बिशेल्ये' असेल तर पुढची येऊ द्या. आणि शहरातलं साधं तिकीट रोपर्यंत चालत नाही; 2024 ला साधं 2.20 युरोचं होतं, रोसाठी 2.60 चं लागलं. नाहीतर बँकेचं कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवा, हिशोब आपोआप होतो, फक्त दोन्ही वेळा तेच कार्ड हवं. माझ्या पुढचा एक जण बाहेर पडायच्या फाटकाशी दहा मिनिटं अडकून पडला होता.

आत गेल्यावर पहिला तास मी वाया घालवला. मोठ्या कंपन्यांच्या मंचावर पुढे जी मंडळी उभी असतात ती बरीचशी चार दिवसांसाठी नेमलेली. गोड बोलतात, माहितीपत्रक देतात, बसून फोटो काढू देतात. त्यांना टॉर्क (इंजिनाचा पीळ) विचारणं म्हणजे मांडववाल्याला मुहूर्त विचारण्यासारखं. चूक त्यांची नाही, आपली. खरा जाणकार कसा ओळखायचा याची माझी खूण दुपारपर्यंत पक्की झाली: प्रश्न ऐकल्यावर जो गाडीशेजारी उकिडवा बसतो, तो आपला माणूस.

केटीएमच्या स्टँडवर असा एक भेटला. 390 एन्ड्युरो आर आणि नवी 390 अ‍ॅडव्हेंचर आर तिथे पहिल्यांदाच मांडल्या होत्या आणि त्याभोवती तोबा गर्दी. मी मागच्या चाकाशी वाकून बघत होतो, तर हा शेजारी येऊन बसला. मी विचारलं, 373 सीसीचं इंजिन 399 करताना नेमकं काय वाढवलं? तो हसला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच, 89 मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 60 वरून 64. दोन बोटांत चार मिलिमीटरचं अंतर धरून दाखवलं आणि म्हणाला, "एवढंच." टॉर्क 37 वरून 39 न्यूटन-मीटर. पण या एवढ्याशा अंतरासाठी आतलं बरंच काही नव्याने करावं लागतं, ते त्याने चांगली दहा मिनिटं सांगितलं. कुठला तू, म्हणाला. पुणे म्हटल्यावर "चाकण!" असं अगदी स्वच्छ, आपल्या 'च'सकट म्हणाला. आकुर्डीलाही राहून आला होता. वडापावपेक्षा मिसळ आवडली म्हणे, यावर मी वाद घातला नाही.

त्याला आणखी एक विचारायला हवं होतं, ते राहिलं. भारतात मिळेल ती गाडी हीच का? मिलानला दिसली त्या एन्ड्युरो आरचं सस्पेन्शन पुढे-मागे 230 मिलिमीटर दबणारं. एप्रिल 2025 मध्ये ती भारतात आली तेव्हा पुढे 200 आणि मागे 205. आपल्याकडच्या सरासरी उंचीला ते सोयीचंच, पण मिलानचे फोटो पाहून पुण्यात बुकिंग करणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं बरं. तेव्हा कुठल्याही स्टँडवर पहिला प्रश्न हाच करा: ही कुठल्या देशासाठीची गाडी?

(प्रदर्शन संपून महिनाही झाला नव्हता, तोच केटीएमने ऑस्ट्रियाच्या कोर्टात कर्जाच्या पुनर्रचनेसाठी अर्ज केला, आणि 2025 संपता संपता कंपनीचा ताबा बजाजकडे आला. बातमी वाचताना मला तो उकिडवा बसलेला माणूस आठवला.)

पण खरी शाळा भरली ती सुट्या भागांच्या हॉलमध्ये. तिथे झगमगाट कमी, खुर्च्या जास्त. ब्रेक, क्लच, चेन, टायर बनवणाऱ्यांचे छोटे स्टॉल. बरेचसे एकमेकांचेच गिऱ्हाईक, त्यामुळे उभे असतात ते माल ओळखणारे. चेन बनवणाऱ्या एका स्टॉलवर साठीचा एक गृहस्थ एकटाच कॉफी पीत बसला होता. मी फोटो दाखवले. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी धरला आणि पहिला प्रश्न केला, "चेनची ढील मोजताना गाडी कशी उभी करता?"

म्हटलं, इंजिनाखाली जॅक लावून, मागचं चाक अधांतरी ठेवून. सोपं जातं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहात मीठ टाकतो म्हणालो. मग स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड उलटं केलं आणि पेनाने तीन ठिपके काढले. पहिला पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, दुसरा स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, खिळा, तिसरा मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल. चाक लटकत असताना तिसरा ठिपका खाली असतो. स्वार बसला, सामान चढलं, खड्डा आला की तो वर येतो, आणि तिन्ही एका रेषेत आले की पहिल्या आणि तिसऱ्यातलं अंतर सगळ्यात जास्त. म्हणजे चेन सगळ्यात ताठ तेव्हा. लटकत्या चाकावर मी जी 'बरोबर' ढील ठेवत होतो, ती या क्षणी पूर्ण संपत होती. चेन, स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग, तिघांवर जुलूम. सस्पेन्शन जितकं लांब तितका हा फरक मोठा. मॅन्युअलमधला आकडा मी पाठ केला होता. गाडी कशी उभी करून मोजायचं, हे त्याच पानावरचं वाक्य मात्र वाचलंच नव्हतं.

मग मी त्याला विचारलं, लोक आणखी कुठे चुकतात? यावर तो अर्धा तास बोलला. चेन एकाच जागी मोजतात, चाक फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधत नाहीत. ओ-रिंगच्या, म्हणजे सांध्यांत रबरी कड्या असलेल्या, चेनवर तारेचा ब्रश मारतात. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवतात. "सगळ्यात चांगली चेन कुठली" असं विचारलं असतं तर मला एक माहितीपत्रक आणि एक पेन मिळालं असतं.

वेळेचं म्हणाल तर साडेनऊला दार उघडल्यापासून दीड तास आणि संध्याकाळी पाचनंतर ही माणसं मोकळी सापडतात. एक वाजता जेवतात, तेव्हा मध्ये पडू नका. पुढच्या वर्षीचं मॉडेल आणि किंमत विचारू नका, त्यांना सांगता येत नाही आणि उगाच संकोचतात. इंग्रजी चालतं, पण सुरुवात "बोंजोर्नो"ने करा. बूट जुने घाला, हॉलमागून हॉल चालायचं असतं. खाणं आत महाग आणि यथातथा. मी चपाती-चटणी नेली होती.

घरी आल्यावर आधी चेन सैल केली. मागचं स्प्रॉकेट तोवर गेलंच होतं, पूर्ण सेट बदलावा लागला. त्याला आता चार हजार किलोमीटर झाले, एकदाच थोडी ताणली. तीन ठिपक्यांचं ते कार्ड गॅरेजमध्ये पान्यांच्या वर चिकटवलंय. मागच्या रविवारी शेजारचा जर्मन जॅक मागायला आला, तेव्हा त्यालाही दाखवलं.