डमी आउटपुट ते स्वच्छ माइक: डेबियनवरचा माझा अनुभव

डेबियनसारख्या लिनक्स सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये स्पीकरच्या जागी "डमी आउटपुट" दिसलं की बहुतेक जण पाइपवायर, म्हणजे आवाज सांभाळणारा साउंड सर्व्हर, काढून परत टाकतात, नाहीतर अख्खी सिस्टिमच नव्याने बसवतात. त्याची गरज क्वचितच पडते. डमी आउटपुट म्हणजे साउंड सर्व्हर ठीक चालू आहे, पण त्याला खालून एकही कार्ड मिळालेलं नाही. विहिरीवरची मोटर फिरतेय आणि पाणी चढत नाही, तेव्हा आपल्याकडचा शेतकरी आधी फूटव्हॉल्व्ह बघतो, मोटर बदलायला निघत नाही. इथेही तसंच खालून वर यायचं.

माझ्यासमोर होता कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या एका शिक्षिकेचा लॅपटॉप. इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर, डेबियन 11 वरून अपग्रेड केलेलं डेबियन 12, आणि संध्याकाळचा ऑनलाइन तास तोंडावर. "विंडोजच टाका की परत," असं त्यांचं म्हणणं होतं.

टर्मिनलमध्ये पहिली कमांड दिली ती "एप्ले -एल". ही थेट अल्साला, म्हणजे कर्नलमधल्या (सिस्टिमच्या गाभ्यातल्या) ध्वनियंत्रणेला विचारते. उत्तर आलं की एकही साउंड कार्ड नाही. इथेच पाइपवायर आणि त्याचा व्यवस्थापक वायरप्लंबर दोघेही संशयातून सुटले. आता कर्नलचा लॉग: "सूडो डीमेसेज", आणि त्यातून "एसओएफ" असलेल्या ओळी गाळून घ्यायच्या. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की "एसओएफ-सीएमएल" ही फर्मवेअर फाइल (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड झाली नाही, एरर उणे 2. उणे 2 चा अर्थ एवढाच, की फाइल त्या जागी नाही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आत बसवलेले डिजिटल माइक असलेल्या या काळातल्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाज त्यावर प्रक्रिया करणाऱ्या डीएसपी चिपमधून जातो, आणि त्या चिपला साउंड ओपन फर्मवेअर (एसओएफ) लागतं. डेबियनमध्ये ते "फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड" या पॅकेजात येतं. डेबियन 12 पासून अशी सगळी पॅकेजेस "नॉन-फ्री-फर्मवेअर" या नव्या विभागात गेली. जुन्या सिस्टिमवरून अपग्रेड करताना, पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस-लिस्ट फाइलमध्ये हा शब्द जोडला नाही, तर पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीला ते पॅकेज सापडतच नाही. मी ओळीच्या शेवटी तो विभाग जोडला, "एपीटी अपडेट" दिलं, ते पॅकेज आणि सोबत "अल्सा-यूसीएम-कॉन्फ" बसवलं आणि मशीन पूर्ण बंद करून सुरू केलं. "एप्ले -एल" मध्ये आता "एसओएफ-एचडीए-डीएसपी" हे कार्ड दिसलं.

याच ठिकाणी एक आडवाट बऱ्याच जणांकडून सुचवली जाते: ड्रायव्हर कसे लोड व्हावेत ते ठरवणाऱ्या मॉडप्रोबच्या फाइलमध्ये "डीएसपी-ड्रायव्हर" ची किंमत 1 करायची. त्याने जुना ड्रायव्हर लागतो, स्पीकर वाजायलाही लागतो, पण डीएसपीला जोडलेला आतला माइक गायब होतो. गाणी ऐकणाऱ्याला चालेल, शिकवणाऱ्याला मुळीच नाही.

कार्ड आलं तरी स्पीकर गप्पच. पुढची पायरी अल्सामिक्सर, म्हणजे टर्मिनलमधल्या आवाजाच्या पट्ट्या. ते नुसतं उघडलं तर साउंड सर्व्हरची एकच पट्टी दिसते आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. एफ6 दाबून खरं कार्ड निवडायलाच हवं, मग मास्टर, स्पीकर, हेडफोन अशा पट्ट्या उघडतात. पट्टीखाली "एमएम" असेल तर ती म्यूट आहे. एम दाबला की "00" होतं. इथे म्यूट काही नव्हतं. म्हणून "एमिक्सर -सी 0 कंटेंट्स" देऊन जॅकच्या ओळी पाहिल्या. हेडफोन लावलेला नसताना "हेडफोन जॅक" ची किंमत "ऑन" येत होती.

हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. 3.5 मिमी जॅकच्या आत पिन लागल्याची खूण देणारा संपर्क असतो. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाही ओल येते, मग तो संपर्क काळवंडतो किंवा अडकतो, आणि मशीनला वाटतं की हेडफोन कायमच लावलेला आहे. पावसाळ्यात "स्पीकर गेला" म्हणून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये मी हे आधी तपासतो. मशीन बंद करून, चार्जर काढून, जुन्या हेडफोनच्या पिनेला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावायचं, पिन दहा-पंधरा वेळा आतबाहेर करायची आणि अर्धा तास वाळू द्यायचं. पाणी किंवा गंज काढायचा तेलकट स्प्रे वापरू नये, त्यावर धूळ चिकटते. या लॅपटॉपला एवढं पुरलं. जिथे पुरत नाही, तिथे अल्सामिक्सरमध्ये "ऑटो-म्यूट मोड" डिसेबल्ड करायचा आणि पावुकंट्रोल या आवाजाच्या सेटिंग्जच्या ॲपमध्ये स्पीकरचा पोर्ट हाताने निवडायचा.

मग "स्पीकर-टेस्ट -सी 2 -टी वेव्ह". डावा-उजवा आवाज वेगवेगळा ऐकू आला की खालचा थर झाला.

माइकचं तत्त्व तेच: आधी "एरेकॉर्ड" ने पाच सेकंद रेकॉर्ड करून ऐकायचं, व्हिडिओ कॉलचं ॲप नंतर. हेडसेटच्या माइकला अल्सामिक्सरमध्ये "माइक बूस्ट" असतो, बहुधा 10 डेसिबलच्या पायऱ्यांचा. लोक तो थेट 30 वर नेतात आणि मग पंख्याची घरघर ऐकू येते म्हणून तक्रार करतात. एक पायरी ठेवावी, उरलेलं कॅप्चरच्या (रेकॉर्डिंगच्या पातळीच्या) पट्टीवर भागवावं. ब्लूटूथ हेडफोनबद्दलही सांगून ठेवतो: त्याचा माइक वापरला की जोडणी एटूडीपी या गाणी ऐकायच्या पद्धतीवरून एचएफपी या फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाज एका चॅनेलचा, 8 किंवा 16 किलोहर्ट्झचा होतो. तो बिघाड नाही. तासासाठी माइक लॅपटॉपचा निवडावा, हेडफोन नुसता ऐकायला ठेवावा.

प्रत्यक्ष कॉलवर मात्र तडतड आली. अशा वेळी "पीडब्ल्यू-टॉप" चालवून ईआरआर हा रकाना बघायचा. तिथला आकडा वाढत असेल तर बफर, म्हणजे आवाजाचा तात्पुरता साठा, वेळेत भरत नाहीये. पाइपवायरचा नेहमीचा क्वांटम, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा, 1024 नमुन्यांचा, म्हणजे 48000 हर्ट्झला सुमारे 21 मिलिसेकंदांचा. "पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज 0 क्लॉक.फोर्स-क्वांटम 2048" दिलं की तो दुप्पट होतो, शेवटी 2048 ऐवजी 0 दिलं की पूर्ववत. कॉलमध्ये 43 मिलिसेकंद कोणाच्या लक्षात येत नाहीत, तबला-पेटी रेकॉर्ड करणाऱ्याच्या मात्र लगेच येतात. या मशीनवर 2048 ला ईआरआर थांबला आणि तडतडही. ही कमांड रिस्टार्टनंतर टिकत नाही, म्हणून आकडा पटला की तो पाइपवायरच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहावा. सर्व्हर पुन्हा सुरू करायचा तर "सिस्टिमसीटीएल --यूजर रिस्टार्ट" पुढे पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर. इथे सूडो लावायचा नाही. ही सेवा वापरकर्त्याच्या खात्यात चालते, रूटच्या (प्रशासकाच्या) नाही.

वाक्याचा पहिला शब्द कापला जाणं हा वेगळा दोष. पाच सेकंद शांतता झाली की वायरप्लंबर कार्ड झोपवतो, आणि जागं व्हायला क्षणभर लागतो. "सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स" 0 केलं की ते थांबतं. मात्र डेबियन 12 मधला वायरप्लंबर 0.4 मालिकेतला आहे, त्याची कॉन्फिगरेशन लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहितात, 0.5 पासून ती साध्या कॉन्फ फाइलमध्ये गेली. दुसऱ्या आवृत्तीची फाइल ठेवली तर सेटिंग लागूच होत नाही, आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. आपली आवृत्ती बघूनच फाइल उतरवावी. सल्ल्याचं वयही बघावं: उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये 22.10 पासून पाइपवायर आहे, त्याआधीचे पल्सऑडिओ या जुन्या साउंड सर्व्हरचे तोडगे तिथे बहुतेक लागू पडत नाहीत. कोण चालू आहे ते "पॅक्टीएल इन्फो" मधल्या "सर्व्हर नेम" या ओळीत कळतं.

बाहेरच्या स्पीकरला लावल्यावर सारखी घूं अशी गुणगुण येते, ही तक्रार कोल्हापुरातल्या उद्यमनगर या औद्योगिक भागाच्या बाजूने जास्त येते. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर ती 50 हर्ट्झच्या विजेची आहे, लिनक्समध्ये कितीही शोधा, मिळणार नाही. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावेत, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावं, तरीही राहिली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगमधून येणारी गुणगुण अडवणारं उपकरण) लावावा. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. गुणगुण जाईल, पण शॉकपासूनचं संरक्षणही जाईल.