तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रज तर गेले, मग अजून काय?

प्रश्न दोन असतात आणि बहुतेक वेळा एकापाठोपाठ येतात. पहिला : इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तुम्ही अजून वसाहतवादच काय शिकवत बसलात? दुसरा जरा टोचणारा : इंग्रजांवर एवढा राग, तर मग आदिवासींच्या वनहक्क दाव्यांना इंग्रजांच्याच गॅझेटिअरची, म्हणजे त्यांनी जिल्ह्याची माहिती नोंदवलेल्या सरकारी ग्रंथाची, पानं का जोडता? लग्नाच्या पंगतीत विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात. आईसुद्धा विचारते, "इंग्रज ते गयात ना वं बाई?" इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता एकदा लिहूनच टाकते.

पहिल्या प्रश्नाने माझी चिडचिड होते. त्यात एक गृहीत असतं की हे सगळं परदेशी विद्यापीठांतून आलेलं फॅड आहे, फॅननचं सातपुड्यात काय काम? फॅनन हा वसाहतवादावर लिहिणारा विचारवंत, मूळचा मार्टिनिकचा, फ्रेंचांविरुद्धच्या अल्जीरियाच्या लढ्यात उतरलेला. डिसेंबर १९६१ मध्ये वारला, अल्जीरिया स्वतंत्र झाला जुलै १९६२ मध्ये. म्हणजे ते स्वातंत्र्य त्याने पाहिलंच नाही. तरी त्याच्या शेवटच्या पुस्तकातलं जे प्रकरण मी शिकवते ते फ्रेंचांबद्दल नाही, फ्रेंच गेल्यानंतर त्यांच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या देशी मध्यमवर्गाबद्दल आहे. हा वर्ग नवं काही उभं करणार नाही, जुन्या मालकाची जागा तेवढी घेईल, हे त्याने झेंडा बदलण्याआधीच लिहून ठेवलं. नंदुरबार-धुळ्यात राहणाऱ्या माणसाला हे परकं वाटत असेल, तर त्याने एकदा वनखात्याच्या नाक्यावर थोडा वेळ उभं राहावं.

आणि 'बाहेरून आणलेलं' म्हणणाऱ्यांनी अमळनेरला जावं. गिरणीमालक प्रताप शेठजींच्या देणगीतून १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. १९३० च्या दशकात तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ त्याचे संचालक होते. 'विचारांतलं स्वराज्य' हे त्यांचं व्याख्यान त्याआधीचं, बंगालमधल्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं; छापून आलं ते ते गेल्यावर, १९५४ मध्ये. राजकीय गुलामी माणसाला जाणवते, असं ते सांगतात. पण आपले जुने विचार नव्या विचारांशी ताडून न पाहता, झुंजू न देता नुसतेच मागे पडतात तेव्हा ती गुलामी जाणवतही नाही. पाश्चात्त्यांनी पूर्वेचं चित्र कसं रंगवलं ते सांगणारं एडवर्ड सईदचं गाजलेलं पुस्तक, 'ओरिएंटॅलिझम', १९७८ चं. त्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न ज्यांनी मांडला ते गृहस्थ आमच्या रेल्वे स्टेशनावर उतरत होते. तिकडे धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठीतच लिहिण्याचा हट्ट शेवटपर्यंत धरला. १९३२ मध्ये धुळ्याच्याच तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसबद्दल खानदेशातल्या माणसाला मी काय सांगू?

पंचविशीत माझा लेख इथेच संपला असता. भट्टाचार्य आमचे, राजवाडे आमचे, म्हणजे उत्तर सापडलं. पंचविशीतल्या त्या मुलीशी मी आजही भांडते. भट्टाचार्यांची 'आपली परंपरा' म्हणजे मुख्यतः वेदान्त. माझ्या वडिलांच्या केळीच्या बागेत पाणी धरणारा भिल्ल सालदार त्या 'आपल्या'त कुठे बसतो? ती मुलगी म्हणते, तू तेवढ्यावरून सगळंच मोडीत काढतेस. तसं नाही. पण माझ्या माहेरची काळी जमीन तापीकाठची आहे, आणि ती आमच्याकडे कशी आली हे घरात कोणी कधी सांगितलेलं नाही. १९७२ च्या सुमाराला शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मागत होते. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला. आमच्या घरी तो कायदा 'शेतकऱ्याच्या मुळावर आलेला' म्हणूनच आठवला जातो. हे सगळं पोटात घेऊन मी वर्गात स्वराज्य शिकवते.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी प्रांत कार्यालयातली एक दुपार सांगावी लागेल. गावाचं, तालुक्याचं नाव लिहीत नाही.

सातपुड्यातल्या एका पाड्याचे दावे होते. एक तिथल्या एका बाबांचा वैयक्तिक, एक सगळ्या पाड्याचा सामूहिक. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा लागतो. बाबांकडे सातबारा नाही, कर भरल्याचा कागद नाही. होत्या त्या दंडाच्या पावत्या. युरियाच्या रिकाम्या गोणीची घडी करून, तिला सुतळी बांधून, त्यात जपलेल्या. वनजमिनीत नांगर घातला म्हणून दंड, बांध घातला म्हणून दंड. कागद पिवळे पडलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई मात्र शाबूत. एकीवर साल १९८७, आणि कायदा छापलेला : भारतीय वन अधिनियम, १९२७. ज्यांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नसेल त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. पावती आपल्या सरकारची, सही आपल्या माणसाची.

सुनावणीला बसलेल्या साहेबांनी पावत्या उलटसुलट केल्या आणि म्हणाले, "बाबा, हे तर तुमचे गुन्हे झाले. गुन्ह्यांचे कागद दाखवून जमीन मागता?" बाबा म्हणाले, "साहेब, मी तिथं नसतो तर दंड कोणाला केला असता?" यावर साहेबांनी मान हलवली आणि पावत्या दाखल करून घेतल्या. तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग सामूहिक दावा निघाला. पुरावा म्हणून सरकारी दस्तऐवज चालतात, त्यात गॅझेटिअरचं नाव नियमातच आहे. म्हणून मी १८८० च्या खानदेश गॅझेटिअरची पानं जोडली होती : मोहाची फुलं, डिंक, लाख, इथले लोक जंगलावर कसे जगत आले. साहेब इंग्रजी चांगलं वाचणारे होते. त्यांनी माझी खूण सोडून शेजारचा परिच्छेद वाचला, भिल्लांना रानटी आणि लुटीवर जगणारे ठरवणारा. मग पान माझ्याकडे वळवून म्हणाले, "मॅडम, तुमच्याच पुराव्यात आहे. हे शेती करणारे नव्हतेच. मग वहिवाट कसली?"

मी बोलले. १८२५ नंतर इंग्रजांनीच भिल्लांना वसवण्यासाठी जमिनी दिल्या, तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज दिलं, त्याच वेळी आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, मग शेती नव्हतीच कसं म्हणता? साहेब म्हणाले, ते सपाटीवरचं. मी म्हटलं, ज्यांच्याकडे तेव्हा लेखणी होती त्यांनी लिहिलेलं हे. साहेब म्हणाले, मग जोडलंत कशाला? ते उद्धट नव्हते. त्यांचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकच आहे, म्हणूनच तो मला इतका लागतो.

परत येताना जीपमध्ये बाबांनी विचारलं, "त्या कागदात आमच्याबद्दल काय लिहिलंय, बाई?" मी सांगितलं. मऊ करून सांगितलं नाही, तो त्यांचा अपमान झाला असता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते पान काढून घेता येईल का?" दाखल झालेला कागद काढता येत नाही, असं मी म्हटलं. घाट उतरेपर्यंत ते जोंधळ्याच्या भावाबद्दल बोलत राहिले.

वर्गात हे सांगितलं तेव्हा अक्कलकुव्याकडचा एक विद्यार्थी संतापला. त्याचं म्हणणं असं : वडीलधाऱ्यांचा जबाबही कायद्याने पुरावा आहे. मग आमच्या म्हाताऱ्यांचा शब्द पुरेसा का नाही? ज्याने आम्हाला चोर म्हटलं त्याची साक्ष आम्ही का काढायची? १८५७ ला सेंधव्याच्या घाटात इंग्रजांविरुद्ध उठलेला खाज्या नाईकही त्यांच्या दप्तरात दरोडेखोरच आहे, उद्या तेही जोडणार का? खाली दबलेल्याला बोलता येतं का, हा गायत्री स्पिव्हाकचा प्रश्न मी त्याच वर्गाला शिकवला होता. त्याने तो माझ्यावरच उलटवला, आणि बरोबर उलटवला.

माझी बाजूही सांगते, कारण मी ती सोडलेली नाही. दावे तपासणाऱ्या समितीपुढे म्हाताऱ्याचा जबाब सहा ओळींत गुंडाळला जातो, हे मी पाहिलं आहे. छापील पानाला मान मिळतो. ते पान विषारी आहे हे मला ठाऊक आहे, पण मोह आणि डिंक त्याच पानावर नोंदले गेलेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं, इंग्रजांच्या शाळांचाही उपयोग करून घेतला, आणि त्याच सरकारला शेतकऱ्याच्या दैन्याचा जाबही विचारला. परक्याचं हत्यार हातात घेतलं म्हणून माणूस त्याचा होत नाही, असं मी त्या मुलाला म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, हत्यार तुमच्या हातात होतं. लागलं बाबांना."

याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाबांना पट्टा मिळाला, कसतात त्यापेक्षा कमी क्षेत्राचा. सामूहिक दावा उपविभागाच्या समितीने फेटाळला, त्यावर जिल्हा समितीकडे अपील केलं आहे. त्यात यावेळी पाड्यातल्या म्हाताऱ्या बायांचे जबाब आधी लावलेत, पानपान भरून, तो विद्यार्थी आणि त्याच्या दोन मैत्रिणींनी बसून उतरवलेले. गॅझेटिअरची पानं त्यामागे आहेत. ती ठेवावीत असं मी म्हणाले, तो नको म्हणाला. ग्रामसभेत मत घेतलं तेव्हा ठेवावीत असंच ठरलं, पण बाबांनी हात वर केला नाही.