तुम्ही विचारलंत म्हणून : उपमा की उत्प्रेक्षा?

मी मराठी शिकवतो हे कळले की दहावीतल्या मुलांचे पालक हमखास एकच प्रश्न विचारतात : उपमा आणि उत्प्रेक्षा या अलंकारांतला फरक ओळखायचा कसा? त्यांना खरे तर तक्ता हवा असतो, म्हणजे सम, समान, सारखा, परी दिसले की उपमा आणि जणू, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा. तक्ता खोटा नाही. पण त्याच्यावर विसंबून माझ्या एका विद्यार्थ्याने 'सकाळपासून सारखा पाऊस पडतो आहे' या वाक्यातल्या 'सारखा'खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि शेजारी ठसठशीत 'उपमा' लिहिले.

खूण शब्दात शोधण्याआधी, बोलणारा उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांना किती जवळ आणतो ते पाहावे. संध्याकाळी सातच्या सुमारास दादरच्या पुलावर उभे राहा. 'गर्दी पुरासारखी लोटली' ही उपमा, कारण गर्दी वेगळी आणि पूर वेगळा हे भान त्यात शाबूत आहे. 'ही गर्दी म्हणजे जणू पूरच' असे म्हणताना ते भान डळमळते, बोलणारा कल्पनेच्या आहारी जाऊ लागतो, तरी 'जणू' म्हणण्याइतका सावध असतो, ही उत्प्रेक्षा. 'गर्दीच्या पुरात मी थेट फुलबाजारापर्यंत वाहत गेलो' यात दोन्ही एकरूप झाली, म्हणून रूपक. 'ही गर्दी नव्हे, हा पूर आहे' असे म्हणून उपमेयच नाकारले की अपन्हुती. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, उत्प्रेक्षा त्यांत नाही. बारीक छटांची ही वर्गवारी पुढच्या आलंकारिकांनी वाढवत नेली आणि, माझ्या मते, काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्तच.

व्यतिरेक हा अलंकार मात्र मला मनापासून आवडतो. एकदा त्याच पुलावर डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेल्या एक मावशी मागून ढकलणाऱ्याला म्हणाल्या, "अरे, पूर तरी ओसरतो रे, तुम्ही कधी ओसरणार?" उपमेय उपमानाच्या वरचढ ठरणे म्हणजे काय, हे तेव्हापासून मी वर्गात याच वाक्याने सांगतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री तक्ता जरूर पाठ करावा. फक्त 'सारखा' दिसला तर तो 'कशासारखा' आहे की नुसताच 'सतत', एवढे विचारून मग रेघ ओढावी.